बिनगिअरची गाडी

६ फेब्रुवारी

साडूभाऊ,

नव्या गाडीची शोरूममधली किंमत ताईंकडून तुमच्या कानावर गेलीच असेल, म्हणून ती लिहीत नाही. वरून काय काय पडलं ते लिहितो. गाडी आत येईना म्हणून फाटक रुंद करावं लागलं. फाटक सरकलं म्हणून पेरूचं झाड गेलं. झाड गेलं म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर गेले. म्हणजे आहेत, पण आमच्याशी बोलायचे गेले. दुपारी त्याच सावलीत त्यांची खुर्ची असायची. जुनी गाडी बदल्यात द्यावी लागली, आणि दलालाने ती पाल शेपटीला धरून उचलावी तशी उचलली. आणि तुमची मेहुणी नवी गाडी दारात आल्यापासून 'वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' यापलीकडे माझ्याशी बोललेली नाही. एवढ्याला पडली मला ही गाडी.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पाकीट हातात पडलं की माणूस निदान फोडून तरी बघतो.

आधी कामाचं. गाडी ठेवावी की काढावी, हे मला कळेनासं झालंय. माझ्याकडे पंप दुरुस्तीला टाकणारा एक कंत्राटदार आहे, त्याचा तिच्यावर डोळा आहे. महिनाअखेर सांगा म्हणतो, नाहीतर तो दुसरीकडे बघणार. तुम्ही औषधांची बॅग घेऊन गावोगाव डॉक्टरांची दारं झिजवता, तुम्हाला गाड्यांमधलं चार लोकांपेक्षा जास्त कळतं, म्हणून विचारतो. गाडीत खोट काहीच नाही. खोट असती तर बरं झालं असतं, मी ती काढली असती. आवाज तर नाहीच. इंजिन चालू आहे की बंद, हे बघायला डॅशबोर्डवरचे दिवे बघावे लागतात. पंपांच्या जळक्या मोटारींना तारा भरून आणि बेअरिंगला कान लावून ज्यानं घर उभं केलं, त्याला हे कसं वाटत असेल विचार करा.

माझा कान तुम्हाला माहीत आहे. वर्कशॉप चढावर आहे, तिथं प्रत्येक गाडीला गिअर बदलावाच लागतो. मी आत, रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि कुणाची गाडी चालली ते सांगतो. ही डॉक्टरांची, ही दुधाची, ही शाळेची. फोरमनशी चहाची पैज लागते आणि मी आजवर एकदाही हरलेलो नाही. या रस्त्यावर आणि माझ्या घरात माझ्या कानांना चुकवून काही हलत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. मागच्या महिन्यात तुम्ही अण्णांना घेऊन चालला होतात, मोठ्या चौकातल्या सिग्नलला थांबला होतात. मी दोन गाड्या मागे स्कूटरवर होतो. अण्णा हसत होते. नुसते हसत नव्हते, खांदे हलत होते त्यांचे. साडूभाऊ, अण्णा तुमचे सासरे तसे माझेही. उभा जन्म बस चालवली त्यांनी, आणि मी त्यांना माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसताना पाहिलं नाही. त्यांची औषधं मी आणतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेतो. त्यांच्या नळाला पाणी चढत नव्हतं तर पंप मी बसवला, आणि असा बसवला की खालच्या मजल्यावरचे लोक येऊन ऐकून जातात, चालू आहे का म्हणून. हे सगळं माझ्याकडे, आणि हसणं तुमच्याकडे. काय सांगत होतात तुम्ही त्यांना?

त्याच संध्याकाळी मी शोरूममध्ये गेलो. हे हिला सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला सांगतो.

ताईंच्या वाढदिवसाच्या जेवणात मी तुमच्या गाडीला डबा म्हणालो ती थट्टा होती. थट्टा एवढी मनाला लावून घ्यायची नसते.

उत्तराची वाट बघतो.

तुमचा साडू


१५ फेब्रुवारी

साडूभाऊ,

उत्तर नाही. पण ताई हिला फोनवर म्हणाल्या की पत्र पोचलं आणि तुम्ही ते दोनदा वाचलंत. मी पलीकडच्या खोलीत होतो, तरी ऐकलं. दुसऱ्यांदा कशासाठी वाचलंत तेवढं कळलं नाही.

रविवारी अण्णांना नव्या गाडीतून फिरवून आणलं. आणलं म्हणतो खरं, पण ओढून नेलं म्हणायला हवं. ही गाडी आली त्या आठवड्यापासून ते जिना उतरलेले नाहीत. निवृत्त झाल्यावरसुद्धा रोज पहाटे दाढी करून, ड्यूटीवर निघाल्यासारखे तयार असायचे. आता पांढरे खुंट वाढलेत आणि दिवसभर खिडकीशी बसून असतात. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, वय तर मागच्या महिन्यातही होतं.

खाली आणलं. पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. ही मागे बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी निघाली तसा अण्णांचा उजवा हात आम्हा दोघांच्या मधे काहीतरी चाचपायला लागला. मला वाटलं चष्म्याची डबी पडली.

"काय शोधताय, अण्णा?"

"दांडा कुठाय?"

"दांडा नाही हिला. म्हणजे हा आहे एवढासा, पण त्याला चालताना हात लावायचा नाही. गिअर आपोआप बदलतात."

"आपोआप?"

"हो. आपण फक्त पाय दाबायचा."

ते जरा वेळ समोर बघत राहिले. म्हणजे त्यांना जेवढं दिसतं तेवढं. मग म्हणाले, "मग तुम्ही काय करता?"

साडूभाऊ, अकरा माणसांचे पगार करतो मी. इतकी वर्षं कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता.

मी म्हणालो, सीट गरम होते बघा. त्यांनी होऊ दिली. मागचं सगळं या पडद्यावर दिसतं म्हणालो. ते म्हणाले, मला पुढचंच दिसत नाही. शेवटी त्यांनाच दया आली असावी. "खुर्ची चांगली आहे," म्हणाले.

मग आमच्या वर्कशॉपचा चढ आला. मी मुद्दाम तिकडून घेतली होती, म्हटलं माझी माणसं बघतील, सासरे माझ्या गाडीत पुढे बसलेत. चढ लागला आणि अण्णांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला. "आता," असं ते पुटपुटले. गाडीनं तोवर आपलं आपण बदलून टाकलं होतं. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला आणि पुन्हा गुडघ्यावर आला.

"घरी सोडा," म्हणाले.

जिन्यात माझा हात धरून, माझ्या खांद्यावर भार टाकून चढता चढता त्यांनी मला काय विचारावं? "मोठे जावई कधी येतात?"

मी म्हणालो, येतील. दुसरं काय म्हणणार.

मला सांगा, तुमच्या त्या गाडीत काय आहे? काच खाली करायला हँडल फिरवावं लागतं, मागचं दार बाहेरूनच उघडतं. माझ्या गाडीत बसून त्यांनी तुमची चौकशी करावी, असं तुम्ही त्यांना काय दिलंय? माझ्याविषयी काही बोलला असाल तर तेही सांगा. तुम्ही तसे नाही, हे मला माहीत आहे. पण सध्या मी तसं मानायच्या मनःस्थितीत नाही.

कंत्राटदाराने काल पुन्हा गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी त्याला म्हणालो, विचार करतोय.

तुमचा साडू


२३ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुम्ही काल आलात आणि गेलात. आमच्याकडे पाणी प्यायलासुद्धा थांबला नाहीत, हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा, चढावरून जायचं असेल तर माझ्यापासून काही लपवता येत नाही.

दुपारची वेळ. मी एका पंपाच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून बसलो होतो. पाठ रस्त्याकडे. तुमची गाडी चढाला लागली. सायलेन्सरची ती खोकल्याची उबळ ऐकली आणि म्हटलं, हे आमचे साडू. फोरमननं मान डोलावली. मग तुम्ही गिअर खाली घेतलात, आणि मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला.

एका माणसाने टाकलेला गिअर नव्हता तो. एकटा माणूस गिअर टाकतो तेव्हा त्याचा पाय आणि हात एकमेकांना विचारत बसत नाहीत. इथं पाय दबला, केसभर थांबला, वाट बघितली, आणि मग हात आला. आणि हात कसला! तुमचा नव्हे. तुम्ही गिअर टाकता तेव्हा भांड्यांची मांडणी पडल्यासारखं वाटतं. हा बसचा हात होता. आधी मधे जरा विसावा, इंजिनाचा श्वास खाली बसू द्यायचा, मग लोण्यात सुरी.

मी फोरमनला म्हणालो, "पाय एकाचा आहे आणि हात दुसऱ्याचा."

तो माझ्याकडे बघून हसला. कौतुकानं हसला असेल.

म्हणजे हे असं आहे तर. तुम्ही क्लच दाबता आणि अण्णा गिअर टाकतात. डोळे अधू म्हणून लायसन्स गेलं, गाडी गेली, पण कान आणि हात तर कुणी नेलेले नाहीत. दिसायचं काम तुमचं आणि ऐकायचं त्यांचं. आयुष्यभर डाव्या हाताने गिअर टाकलेला माणूस बाजूच्या सीटवर बसून उजव्या हाताने टाकायला शिकला, या वयात! आणि मी त्याला सीट गरम होते म्हणून दाखवत होतो.

तुम्हाला खरं सांगू? तुम्ही चांगलं काम केलंत आणि त्याचा मला राग आलाय. काल रात्री जेवण गेलं नाही. तुम्ही काही वाईट बोलला असतात, अण्णांना माझ्याविरुद्ध भरवलं असतं, तर मी सुखानं जेवलो असतो. तुम्हाला सुचलं आणि मला सुचलं नाही, हे मला सोसवत नाही. ऐकण्याचा धंदा माझा आहे. औषधं विकणाऱ्या माणसाला हे सुचावं आणि मला सुचू नये?

त्या जेवणाचंही खरं लिहितो. नुसता डबा म्हणालो असतो तर तुम्ही उठला नसतात, एवढे तुम्ही दिलदार आहात. 'विकून टाका, नव्या गाडीला कमी पडले तर मी देतो,' असं मी सगळ्यांच्या ताटांवरून म्हणालो, तुमच्या मुलीच्या देखत. त्याच दुपारी अण्णा तुमच्या गाडीतून आले होते आणि तुमच्याच गाडीतून जाणार होते, म्हणून म्हणालो. माझी गाडी रिकामी उभी होती.

चुकलं. पण लढाई संपलेली नाही, हेही सांगून ठेवतो. माझी जुनी गाडी, गिअरची, अजून त्या दलालाच्या आवारात उभी आहे. परवाच येताजाता पाहिली. उद्या जाऊन ती परत आणतो, आणि ही बिनगिअरची कंत्राटदाराच्या गळ्यात घालतो. तुम्ही महिन्यातून एकदा येता. मी रोज आहे. मग बघू कुणाच्या गाडीत अण्णांचे खांदे जास्त हलतात.

तुमचा साडू


१ मार्च

साडूभाऊ,

दलालाकडे गेलो. तो गाड्यांवर पाणी मारत होता. मला बघून त्यानं पाइप खाली ठेवला.

"साहेब, ती गाडी गेली."

"गेली कशी? ती काय उभी आहे समोर."

"उभी आहे, पण गेली. एका बाईंनी इसार दिलाय."

"किती दिलाय? मी त्याच्यावर देतो."

"तसं नाही हो साहेब. तुम्ही गाडी सोडून गेलात त्याच आठवड्यापासून येतायत त्या. येतात, गाडीत बसतात, जातात. मी म्हटलं, चालवून बघा ना. तर म्हणाल्या, बघितलीय." मग तो माझ्याकडे जरा चमत्कारिक बघायला लागला. "तुमच्याच घरच्या ना त्या? मला वाटलं तुम्हीच पाठवलंत. म्हटलं, साहेबांना स्वतः यायची लाज वाटत असेल."

घरी आलो तेव्हा ही शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होती.

"तू गाडी घेतलीस?"

"परत घेतली," मान वर न करता म्हणाली. "शिकवण्यांच्या पैशांतून. विकताना तुम्ही मला विचारलं नव्हतंत."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"तुला येते?"

तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. साडूभाऊ, इतके दिवस 'वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' यावर काढल्यावर ती जे बोलायला लागली ते मी उभ्यानंच ऐकलं, बसायचं सुचलं नाही.

अण्णांचं लायसन्स गेलं तेव्हा ते खिडकीशी बसून खालच्या गाड्या ऐकायचे, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर गिअर बदलायचा. हे तिनं पाहिलं. मी आठवड्यातून दोनदा तिथं जातो, मी पंप बघत होतो. ती म्हणाली, अण्णा, मला गाडी शिकवा. मी सकाळी स्कूटरवर वर्कशॉपला जातो, गाडी दिवसभर दारात उभी. गुरुवारी तिला दुपारची शिकवणी नसते. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात दोघं जायला लागले. मैदानापर्यंत गाडी न्यायला अण्णांच्या ओळखीचा एक जुना कंडक्टर यायचा. आणि हिला काही केल्या जमेना. पाय आठवला की हात विसरायचा, हात आठवला की पाय. गाडी बंद पडायची, ही रडकुंडीला यायची. शेवटी अण्णा म्हणाले, "तू पाय सांभाळ पोरी. हाताचं मी बघतो."

तिथून ते सुरू झालं. तुमच्या गाडीत नाही साडूभाऊ, माझ्या गाडीत. तुम्हाला तर ते अण्णांनी शिकवलं. तुमच्या शेजारी बसले, तुमची भांड्यांची मांडणी ऐकवेना, म्हणून दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जावईबापू, तुम्ही पाय सांभाळा. ही म्हणाली, "भाऊजींनी एक शब्द विचारला नाही. पाय दाबून बसले." माझ्या पत्रांना उत्तर देऊन तुम्ही हे कळवू शकला असतात. तिनं बोलू नका म्हणून सांगितलं होतं, हेही आता कळलं. मानलं तुम्हाला.

"म्हणजे तुला अजून एकटीला येत नाही?" मी विचारलं.

"दुसऱ्याच महिन्यात यायला लागली," ती म्हणाली. "परीक्षा दिली, लायसन्स काढलं. फक्त अण्णांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मला अजून हाताचं जमत नाही. सांगितलं तर ते हात काढून घेतील."

"मग मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

मी जाऊन दार लावून घेतलं. कुणी न सांगता.

मोठी गाडी काल कंत्राटदाराला दिली. घासाघीस केली नाही. त्याला वाटलं गाडीत काहीतरी भानगड आहे, म्हणून त्यानंच दोनदा विचारलं, खरंच का काढताय? मी म्हणालो, माझ्या घरात तिला गिऱ्हाईक नाही. जुनी दारात आली, हिच्या नावावर. फाटक तिला आता दोन्ही बाजूंनी ऐसपैस होतं. मास्तर येऊन बघून गेले आणि 'हं' म्हणाले. सुरुवात आहे.

आज अण्णा दाढी करून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ही चालवायला, अण्णा तिच्या शेजारी, मी मागे. मागच्या सीटवरून दोघांच्या मानाच तेवढ्या दिसतात. ती नुसती "हं" म्हणते आणि यांचा हात पडतो. कोपऱ्यावर अण्णा म्हणाले, "पोरी, आज पाय उशिरा उचलतेस, मागे वजन जास्त आहे का?" आणि खांदे हलायला लागले. माझ्यावर हसले, पण माझ्या देखत हसले. तुमचा हेवा करत होतो तो आता हिचा करतोय. घरातल्या घरात जरा सोयीचं पडतं. मी विचारलं, अण्णा, एकदा मी पाय सांभाळू का? म्हणाले, आधी काही दिवस मागे बसून ऐका.

पुढच्या वेळी याल तेव्हा आमच्याकडे उतरा. ताईंना आणि मुलीला घेऊन या. त्या दिवशी मी जे म्हणालो ते मुलीसमोर परत घ्यायचं आहे, ते पत्रातून होणार नाही. तुमची गाडी फाटकातून आत घ्या, जागा भरपूर आहे.

एक राहिलं. परत येताना आम्ही वर्कशॉपच्या चढावरून आलो. फोरमन दारात उभा होता, त्यानं हात वर केला. मी मागच्या काचेतून हात हलवला. ही म्हणाली, "तुम्हाला नाही. तो दर गुरुवारी करायचा."

दर गुरुवारी दुपारी ही गाडी माझ्या पाठीमागून जात होती तर. स्वतःची गाडी माणूस नेहमी आत बसून ऐकतो, बाहेरून ती कशी ऐकू येते ते त्याला कुठून कळणार, असं मी संध्याकाळी फोरमनला समजावून सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब. मग मी विचारलं, गुरुवारी ही गेली की मी कुणाची गाडी म्हणून सांगायचो?

"बँकेच्या मॅनेजरची," तो म्हणाला. "आणि चहा आम्ही पाजायचो."

त्या मॅनेजरची बदली होऊन तीन वर्षं झाली.